बाँगयोची आरोळी

बाँगयो आणि मी चाळीस वर्षं एकाच शेडमध्ये समोरासमोर बसून कालवं फोडतोय. तिचं स्टूल दाराकडे, माझं भिंतीकडे, मध्ये शिंपल्यांचा ढीग. तिच्याबद्दल पेपरात आलं तेव्हा 'परकीय शक्तीची स्थानिक संघटक' असं छापलं होतं. मी तो पेपर तिला वाचून दाखवला, कारण तिचा चष्मा घरी राहिला होता. तिने हातातलं कालव खाली ठेवलं आणि विचारलं, "किमहो, संघटक म्हणजे मोठं पद असतं का गं?" अशी ही संघटक.

बाँगयो या नावाचा अर्थच मुळी 'आलीच आहे तर वाढवा'. शू घराण्यातली पाचवी मुलगी. घरात कुणी तिचं ऐकून घेतलं नसेल म्हणून असेल, पण देवाने तिला आवाज मात्र असा दिला की शेडमध्ये ती बोलली की समुद्राच्या बंधाऱ्यावरून उत्तर यायचं. नवरा जन्मभर म्हणत राहिला, "हळू बोल, मेलेले उठून बसतील." एका वादळात त्याची होडी उलटली. तिने किनाऱ्यावर उभं राहून तीन दिवस त्याला हाका मारल्या. तो काही उठून आला नाही.

त्या आवाजाची किंमत पहिल्यांदा कळली ती येन साहेबांना. तीस वर्षांपूर्वी ते काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सभागृहासाठी पहिल्यांदा उभे होते. समुद्रदेवी मात्सूआईच्या देवळात गावजेवण होतं, ऐंशी टेबलं लागलेली. साहेब पेला घेऊन उठले. आता आमच्याकडची रीत अशी की उमेदवाराने पेला उचलला की कुणीतरी त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, आणि बाकीच्यांनी 'तोंगस्वान' म्हणून ओरडायचं, म्हणजे 'निवडून आलाच'. हे तीनदा. लग्न असो, बारसं असो, देवाचा वाढदिवस असो. कुणीच ओरडलं नाही तर त्या माणसाचं नाक कापल्यासारखं होतं. त्या दिवशी साहेब पेला घेऊन उभे, आणि सगळे आपले माशात तोंड घालून बसलेले. मला स्वतःला त्यांची दया आली होती, पण माझ्या तोंडात कोळंबी होती. बाँगयो उठली. स्टुलावर चढली. "येन युंगफा..." अशी आरोळी ठोकली की स्वयंपाक्याच्या हातून झारा पडला, आणि सगळा मांडव तिच्यामागून ओरडला.

तेव्हापासून जिथे साहेब तिथे बाँगयो. साहेब तिला 'माझा भोंगा' म्हणायचे. ती ते सगळ्या गावाला सांगत फिरायची. मी म्हणायची, "अगं, भोंगा म्हणतोय तो तुला, बायको नाही म्हणत." तर म्हणायची, "तुला कुणी काहीच म्हणत नाही ना, म्हणून पोटात दुखतंय." दुखत होतं थोडं, खोटं कशाला बोलू?

सहलीचं कसं झालं ते मी स्वतः पाहिलंय, म्हणून सांगते. निवडणुकीला दोन महिने होते. साहेबांचा माणूस लुओ, टकला, सोनेरी चष्म्याचा, तो आमच्या शेडमध्ये आला. बाँगयोच्या शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "ताई, मात्सूआईच्या मूळ ठाण्याला जायचंय का? समुद्रापलीकडे, चीनमध्ये. पाच दिवस. फक्त विमानाचं तिकीट काढायचं, राहणं-जेवण तिकडचे लोक बघतील. सतरा-अठरा बायका जमव. साहेबांनी सांगितलंय." माझ्यापासून चार हातांवर बसून तो हे बोलला. मी मध्ये विचारलंसुद्धा, "तिकडच्यांना आमचा एवढा पुळका कशाला?" तो हसला आणि म्हणाला, "काकू, देवीची माणसं आहेत ती." देवीचं नाव घेतल्यावर मी गप्प बसले. मलाही जायचंच होतं.

बाँगयो घरोघर फिरली. लुओ कधी कुणाच्या दारी जात नाही, साहेब तर नाहीच नाही. गावात अशी कामं गावातल्या माणसानेच करायची असतात, सगळे पक्ष तसंच करतात. तिने नावं लिहून घेतली, ओळखपत्रं गोळा केली, कुणाला गुडघ्याचा त्रास आहे म्हणून खिडकीची जागा, कुणाला गोमांस चालत नाही, सगळं वहीत. तिच्या वेड्यावाकड्या अक्षरातली ती वही पुढे कोर्टात प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाखवली.

ठाणं पाहून आम्ही रडलो. ते काही खोटं नव्हतं. शेवटच्या दिवशी दुपारी मोठं जेवण होतं, बारा पदार्थ. साहेब त्याच सकाळी विमानाने आले होते. तिकडचा एक अधिकारी उठला आणि गोड गोड बोलला, आपण एकाच देवीची लेकरं, घरी गेलात की शांतता हवी असणाऱ्या माणसालाच निवडा, वगैरे. मग साहेब पेला घेऊन उठले. हॉल गप्प झाला.

मी बाँगयोकडे पाहिलं. तिचे हात आधीच टेबलावर टेकले होते. तिला थांबवावं असं माझ्या मनात आलं का? नाही आलं. आपण परक्या देशात आहोत, हा कायदा आहे, तो नियम आहे, यातलं काही कुणाच्या डोक्यात नव्हतं. पेला वर गेला होता, एवढंच दिसत होतं. ती ओरडली आणि आम्ही सतराजणी तिच्यामागून ओरडलो. तीनदा. आमच्यातल्याच कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं.

साहेब निवडून आले. तीन आठवड्यांनी सकाळी तपासाची माणसं शेडमध्ये आली आणि बाँगयोला गमबुटासकट घेऊन गेली. परकीयांच्या पैशाने आणि सांगण्यावरून प्रचार केला, असा आरोप. साहेबांवरही तोच. आम्हा सगळ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. माझ्यासमोर एक पोरगेली बाई होती, फार सभ्य. "तुम्हाला चला कोण म्हणालं?" मी म्हटलं, बाँगयो. "नावं कुणी घेतली?" बाँगयो. "घोषणा कुणी सुरू केली?" बाँगयो. तिन्ही उत्तरं खरी होती. लुओबद्दल तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं, साखर उतरली होती, घरी जायचं होतं. कागद पुढे आला, मी सही केली. बाकीच्या सोळाजणींनीही हेच केलं, पण लुओला बोलताना ऐकलेली मी एकटीच होते.

लुओ त्याच आठवड्यात पलीकडे निघून गेला. धंद्याला, म्हणे. तो आजतागायत परतलेला नाही.

बाँगयो जामिनावर सुटून आली आणि दुसऱ्या दिवशी स्टुलावर हजर. तिला काळजी अशी नव्हतीच. म्हणाली, "साहेब एक वाक्य बोलले की झालं. 'माझ्या माणसाने तिला सांगितलं होतं.' बस. एवढं तर बोलतीलच ना?"

"आणि नाही बोलले तर?"

"तीस वर्षं ओरडलेय मी त्यांच्यासाठी."

"तू ओरडलीस. ते कुठे तुझ्यासाठी ओरडलेत?"

"तुझी जीभ बघ, जळो ती."

नवीन वर्षाला तिने मोठी मोठी कालवं निवडून, बर्फात घालून साहेबांच्या ऑफिसात नेली. ऑफिसने घेतली. डबा दुसऱ्या दिवशी धुऊन परत आला, म्हणून तिला केवढा आनंद. देवळात जाऊन कौल लावला, साहेब बोलतील का म्हणून. कौलाचे दोन्ही लाकडी तुकडे सपाट बाजू वर करून पडले, म्हणजे देवी हसली. पुन्हा टाकले, पुन्हा हसली. तिसऱ्यांदाही तेच. ना हो, ना नाही, देवी नुसती हसत बसली. बाँगयो म्हणाली, हसतेय म्हणजे चांगलंच असणार.

मला मात्र झोप येईना. माझ्या सहीचा कागद डोळ्यांसमोर यायचा. शेवटी मी तिच्या वकिलाला जाऊन लुओचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काकू, हे आधी का नाही बोललात?" मी म्हटलं, कुणी विचारलं नाही. त्याने कपाळाला हात लावला. पण साक्षीदारांत माझं नाव घातलं.

कोर्टात मी पाठ केल्यासारखं स्वच्छ बोलले. लुओ कुठे बसला, काय बोलला, मी काय विचारलं, तो काय म्हणाला. मला वाटलं, झालं, सुटली. मग साहेबांचा वकील उठला. आवाज अगदी मऊ.

"किमहो काकू, आरोपी बाँगयो शू तुमच्या कोण?"

"मैत्रीण."

"किती वर्षांची?"

"चाळीस."

"रोज भेटता?"

"रोज."

"घटनेनंतर लगेच दिलेल्या जबाबात लुओंचं नाव एकदाही नाही. दीड वर्ष रोज मैत्रिणीसमोर बसल्यावर ते आठवलं. बरोबर?"

मी म्हटलं, "मला तेव्हा विचारलं नाही हो." तो म्हणाला, "धन्यवाद," आणि बसला. खरं बोलताना माणूस एवढा खोटा दिसू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. मुद्दाम सांगण्यासारखं हे नाही, पण मला तिथेच रडू आलं, आणि रडणारी बाई तर अजूनच खोटी दिसते.

मग साहेबांची पाळी. करडा सूट. ते म्हणाले, आपण देवदर्शनाला गेलो होतो, कुणीतरी जेवायला बोलावलं, बिल कोण देतंय ते ठाऊक नव्हतं. मोबाईलवरचं दाखवलं तेव्हा म्हणाले, "माझा हात वर दिसतोय तो त्यांना थांबवण्यासाठी." न्यायाधीशांनी बाँगयोकडे बोट केलं. "या बाईंना ओळखता?"

बाँगयो खुर्चीत सरळ बसली. केस सारखे केले. मी तिच्या मागच्या बाकावर होते, तिची मान तेवढी दिसत होती.

साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, "आमच्या कामात रोज शेकडो लोक भेटतात. चेहरा पाहिल्यासारखा वाटतो."

तिच्या वकिलाने तिला आधीच समजावलं होतं, गुन्हा कबूल कर, चुकले म्हण, वय पाहून शिक्षा स्थगित होईल. पण तिला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणत राहिली, "साहेबांना नीट आठवायला सांगा. घाईत आहेत ते." न्यायाधीशांनी निकालात लिहिलं, आरोपीला पश्चात्ताप नाही. एक वर्ष आठ महिने तुरुंग. साहेबांना पैशाची माहिती होती असा पुरावा नाही म्हणून निर्दोष. वर अपील केलं, तिथेही तसंच राहिलं. एवढ्यात चार वर्षं उलटली आणि पुढची निवडणूक आली.

साहेब पुन्हा निवडून आले, मागच्यापेक्षा जास्त मतांनी. कोर्टाने निर्दोष सोडलेला माणूस, असं पोस्टरवरच छापलं होतं. बाँगयोला तुरुंगात हजर राहण्याची नोटीस आली होती, पुढच्या सोमवारची. ताइचुंग शहरातून तिची मुलगी येऊन तिच्यासाठी लोकरीची बनियनं ठेवून गेली होती, तिथे थंडी असते म्हणे. बाँगयो मात्र कालवं फोडतच होती, जेवढी होतील तेवढी.

निवडून आल्यावर आभार मानायला ट्रक फिरतो तसा शनिवारी तो आमच्या रस्त्याला लागला. फटाके, हार, वर साहेब उभे. शेडजवळ ट्रक थांबला आणि साहेब खाली उतरले. बाँगयोने माझ्याकडे पाहिलं. "थांबवला त्यांनी," म्हणाली. उठली, हातमोजे काढले, हात अंगावरच्या कपड्याला पुसले, पुन्हा पुसले. कालवाचा वास काही जात नाही तसा.

साहेब रांगेने आले. मला हात दिला, "आभार, ताई." मग तिला. तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "आभार, ताई. असाच लोभ असू द्या." ती काही बोलणार होती, तोंड उघडलं होतं तिने. जिचा आवाज बंधाऱ्यापर्यंत जायचा तिच्या तोंडून एक अक्षर फुटेना. साहेब पुढे सरकले, पलीकडच्या मासळीवालीकडे. मग ट्रकवर चढले आणि गेले.

ती खाली बसली. सुरी उचलली, पण हातमोजे काही घातले नाहीत.

"ओळखलं त्यांनी मला," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर बोलता येत नाही ना. पण हात जरा जास्त दाबला. तुला दिसलं का?"

माझाही हात त्यांनी तसाच दाबला होता. मी म्हटलं, "दिसलं."