पेटी कुणाची

गुंडा हवालदार बायकोबरोबर पत्ते खेळतो, हा कुंडलात बरीच वर्षं चेष्टेचा विषय होता. पारावर रमीचे, मेंढीकोटाचे डाव रंगायचे, तिकडं तो फिरकायचा नाही. दुपारची जेवणं उरकली की सोप्यात घोंगडं पसरायचं, मधे ओळीनं भोकं पाडलेली एक सागवानी फळी ठेवायची आणि समोर मनुबाईला बसवायचं. शेजारचा हरिबा जाता-येता हमखास आत डोकवायचा. "काय हवालदार, आज काय लावलंय डावावर? धुनं का भांडी?" गुंडा पानांवरची नजर न काढता म्हणायचा, "तू तुज्या बायकूसंगं एका घोंगड्यावर कवा बसलाईस का, ते आदी सांग."

खेळ त्यानं पलटणीतून आणला होता. बर्फानं रस्ते बंद झाले की चौकीवर दिवसचे दिवस करायला काही नसायचं. तिथल्या कुर्गी मेजरसाहेबांना जोडीदार हवा होता, म्हणून त्यांनी गुंडाला शिकवलं. क्रिबेज. दोघांचा खेळ. प्रत्येकाला सहा पानं मिळतात. चार आपल्याजवळ ठेवायची, दोन उपडी टाकायची. दोघांनी टाकलेली ही चार पानं बाजूला राहतात आणि ज्यानं पत्ते वाटले त्याच्या खात्यात जातात. मेजरसाहेब त्यांना 'क्रिब' म्हणायचे, मनुबाईनं पहिल्याच दिवशी त्याची 'पेटी' केली. पुढच्या डावाला वाटणारा बदलतो, मग पेटीही त्याची होते. पानांची बेरीज पंधरा भरली, जोडी जमली, की फळीच्या भोकातली आपली काडी तेवढी भोकं पुढं सरकवायची. पंजीला त्यात फार भाव, कारण राजा, राणी, गुलाम, दश्शी, यांतल्या कुणाशीही तिचे पंधरा होतात. पेटी आपली असेल तर तिच्यात चांगलं टाकावं, समोरच्याची असेल तर रद्दी टाकावी. टाकायची दोन पानं ज्याला कळली त्याला खेळ कळला, हे मेजरसाहेबांचं वाक्य गुंडा मनुबाईला इतक्या वेळा ऐकवायचा की ती ते त्याच्याआधी म्हणून मोकळी व्हायची.

ती बरी खेळायची. काडीला काडी भिडलेली असायची, पण शेवटच्या टप्प्यात गुंडाच्या पेटीत काहीतरी निघायचं, सत्ती-अठ्ठी, नाहीतर एखादी दुरी-तिरी, आणि काडी सुटायची. "पेटी मला फळती," तो मिशीवर हात फिरवत सांगायचा. मनुबाई काड्या परत पहिल्या भोकात खोचायची. "फळंल की. तुमचं नशीबच दांडगं."

गेल्या साली आडसाली उसाची लावण चालू होती तेव्हा मनुबाई मोरीतून उठता उठता कलली. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. सगळ्या भाषेतला एकच शब्द तिच्याजवळ उरला, बरं. भूक लागली का? बरं. डोकं दुखतंय का? बरं. तुझं नाव मनुबाई का? बरं. तुझं नाव हरिबा का? तरी बरं. सुरुवातीला घरातले यावर हसायचे, तीही वाकड्या तोंडानं हसायची.

सांगलीला विश्रामबागेत बोलायचे व्यायाम घेणारी एक तरुण डॉक्टरीण होती. सून दीपमाला आणि गुंडा जीपमध्ये उशा लावून मनुबाईला तिच्याकडं न्यायचे. तिनं समजावून सांगितलं की बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नसतं. समजत असेल तर तोंडाचा मार्ग पुन्हा उघडायचा प्रयत्न करता येतो, आणि जे काही होणार ते पहिल्या महिन्यांतच जास्त होतं. आवडीचं, अंगवळणी पडलेलं काही असेल तर घरी करून घ्या, विचार करून निवड करतात का तेवढं बघा. गुंडाला दुसरं काय सुचणार?

तो खाटेवर ताट ठेवायचा, त्याच्या काठाला तिची सहा पानं टेकवायचा आणि स्वतः नजर वळवायचा. मनुबाई डाव्या हातानं दोन पानं उपडी पाडायची. फार वेळ लावायची. बोट एका पानावरून दुसऱ्यावर जायचं, परत यायचं. मग तो पेटी उलटी करायचा, आणि तिच्या दोन पानांत पंजी असायची. कधी दोन्ही पंज्याच.

"मने, पेटी माजी हाय. मला पंजी द्याची न्हाई."

"बरं."

पुढच्या डावाला पुन्हा पंजी. नाहीतर राण्यांची जोडी, आयती. इतकं वाईट टाकायला शिकाऊ माणूससुद्धा धजणार नाही. गुंडानं रोज नव्यानं समजावलं, मेजरसाहेबांचं वाक्य म्हणून दाखवलं. ती त्याच्याकडं टक लावून बघायची, कपाळाला आठी घालायची आणि पुन्हा तेच करायची.

दिवाळीला मुलगा धैर्यशील रजेवर आला. तोही फौजेतच. विश्रामबागेत त्या दिवशी तो सोबत होता. डॉक्टरणीनं विचारलं, कशी निवडतात पानं? धैर्यशील म्हणाला, "आबा, आईवरची माया मधी आनू नका. हाय तसं सांगा."

चौकीवरून खोटी खबर कधी धाडली नाही, याचा गुंडाला अभिमान होता. मनुबाई चाकाच्या खुर्चीत त्यांच्या मधोमध बसली होती. तिच्या डोक्यावरून तो बोलला, "उलटं टाकती बाई. माज्या पेटीत पंज्या. कळत आसंल म्हनून लय वाट बघितली मी, पर तिला काय सुदीक कळंना."

"आधी कशा खेळायच्या?"

"आधी? येक पंजी दिली न्हाई मला कवा."

आणखी काही आठवडे यावं असं डॉक्टरणीचं म्हणणं होतं. पण धैर्यशीलनं मनात निर्णय करून टाकला होता. कुंडल ते सांगली जीपमध्ये हिंदकळताना आई कण्हत होती, ते त्याला बघवत नव्हतं. कळतच नसेल तर हा छळ कशाला? गुंडानं मान हलवली. जाणं थांबलं.

त्यानंतर घरातल्यांची बोलण्याची रीत बदलली. कुणी ठरवून बदलली नाही. मनुबाईची कूस बदलायला भामाबाई यायची, ती खाटेच्या या बाजूनं पलीकडच्या दीपमालाला गावच्या मयतांच्या बातम्या सांगायची. पाहुण्या तिच्या उशाशी बसून तिच्या पाटल्या पुढं कुणी घालाव्यात यावर बोलायच्या. पत्ते आणि भोकांची फळी वर अडगळीत गेली. एकदा हरिबा बघायला आला. त्यानं नेहमीसारखी चेष्टा केली नाही, म्हणून गुंडाला जास्तच भरून आलं. खाटेच्या कठड्याला धरून गुंडा म्हणाला, "ती गेली गड्या. मागं नुस्तं आंग ऱ्हायलंय."

पुढं कधीतरी मनुबाईचं 'बरं'ही बंद झालं. नक्की कुठल्या दिवशी, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दुखणं वाढलं, असंच सगळे समजले.

उन्हाळ्यात दीपमाला सोपा आवरत होती. वरची अडगळ खाली काढताना भोकांची फळी तिच्या हाती आली. ती ठेवायची का, असं तिनं विचारलं. गुंडा म्हणाला, कशाला, आता कोण खेळतंय.

"मी खेळंन की मामा. आत्यांनी शिकवलंय मला."

गुंडाला हे नवंच होतं. तो रानात गेला की सासू-सुनांचे डाव व्हायचे, हे दीपमालानं हसत हसत सांगितलं. आत्या भारी चिवट. माझ्या पेटीत कधी धड पान पडू दिलं नाही त्यांनी. "तुमच्या पेटीत तेवढा त्यांचा हात सैल," ती म्हणाली आणि जीभ चावली.

गुंडानं तिला पुढं बोलायला लावलं.

"आता काय लपवायचं. तुमी मागं पडला की त्या चांगली पानं सोडायच्या. मला म्हनायच्या, दिवसभर उनात राबत्यात, दुपारचं हरून कशाला उठवायचं. फकस्त पंजी द्याची न्हाई, म्हनायच्या, पंजी दिली की त्यास्नी कळतं."

गुंडा हळूच म्हणाला, "आजारपनात तिनं पंज्याच दिल्या मला."

दीपमालाच्या हातातलं फडकं थांबलं. "पानं वाटत कोन होतं मामा?"

"मीच. तिला कुटं पिसता येतंय."

बोलता बोलताच त्याला ते दिसलं. प्रत्येक डाव त्यानं वाटला होता, म्हणून प्रत्येक पेटी त्याचीच होती. एकदाही पेटी तिची करून त्यानं बघितलं नव्हतं. ती टक लावून बघत होती, आठी घालत होती, एवढं मोठं दान देऊनही नवरा का रागावतो म्हणून. लपवून द्यायचं कसब दुखण्यानं नेलं होतं, देणं नेलं नव्हतं.

तो पत्ते घेऊन खाटेपाशी गेला. पिसले, वाटले, ताटाला तिची पानं टेकवली.

"मने, आज पेटी तुजी हाय. मी नुस्तं वाटलंय. तुजी पेटी."

मनुबाई छताच्या पत्र्याकडं बघत होती. त्यानं तिचा डावा हात उचलून ताटाजवळ ठेवला. ठेवला तसा तो राहिला. तिची हनुवटी धरून त्यानं तोंड आपल्याकडं वळवलं. डोळे वळले, त्याच्यावरून पुढं गेले आणि भिंतीवर थांबले.

"आयकत हुतीस तू सगळं," गुंडा म्हणाला. "मी बोललो ते आयकलंस."

दीपमाला दारात उभी होती, ती आत निघून गेली.

त्यानं विश्रामबागेला फोन लावला. डॉक्टरणीनं सगळं ऐकून घेतलं. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. मधे फार दिवस गेले, ती म्हणाली, आता सांगता येत नाही; तरी आणा. पुन्हा जीप ठरली, उशा लागल्या. एक खेप झाली, दुसरी झाली. मनुबाईला आता बघायचं नाही की बघता येत नाही, हे डॉक्टरणीलाही कळेना.

गुंडा अजून दुपारी वाटतो. पेटी रोज तिची. तिचा हात हलत नाही, म्हणून तिच्यासाठी दोन पानं त्यालाच काढावी लागतात. खरं तर सोपं आहे, पेटी आपली असली की पंजी आत टाकावी. पण आपल्या पेटीच्या वेळी मनुबाई काय ठेवायची, काय टाकायची, ते त्याला आठवत नाही. तेव्हा त्याचं लक्ष स्वतःच्या पानांकडं असायचं. तिची सहा पानं हातात धरून तो बसतो, एकदा ही दोन वर काढतो, एकदा ती. दीपमाला चहा ठेवून जाते. चहावर साय धरते, आणि पानं सहाच्या सहा त्याच्या हातात असतात.