एकतिसावी फळी

कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ताईंनी पस्तीस वर्षं काचसामान धुतलं. मुलं पाठीमागे त्यांना 'बाटलीताई' म्हणायची. ताईंना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. राग यायचा तो काकांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना. काका निवृत्त पोस्टमन. बाटल्या धुता धुता आपली बायको काय काय शिकून बसली आहे, हे त्यांच्याइतकं जवळून कुणी पाहिलं नव्हतं.

नदीकाठी वाळून उभी राहिलेली झाडं पुष्कळ. त्यांच्या खोडाला कपाटाच्या फळीसारखी आडवी चिकटून टणक बुरशी वाढते. तिचा ताईंना नाद. घरात तिला नुसतं 'फळी' म्हणत. काकांनी शिडी धरायची आणि ताईंनी वर चढून बघायचं, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. फळी नुसती वरून बघून ओळखता येत नाही, तिचं पोट बघावं लागतं, असं त्या सांगत. पोटाला सुईच्या टोकाएवढी भोकं आहेत की नागमोडी भेगा, बोटाने दाबलं तर डाग पडतो का, मोडली तर आतून रंग कोणता, आणि मुळात झाड कुठलं. हे सगळं त्या मुलांनी टाकून दिलेल्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवत.

त्या निवृत्त झाल्यावर नव्याने आलेल्या मॅडमच्या हाती यातली एक वही लागली. मॅडमनी ताईंना घरून बोलावून घेतलं. नदीकाठच्या फळ्यांचा एक तक्ता करून प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावायचा आणि खाली 'ओळख पटवली' असं लिहून ताईंचं नाव घालायचं, असं ठरलं. त्या भिंतीवर तोवर फक्त प्राध्यापकांची नावं होती. काकांची छाती इतकी फुगली की पोस्टातला जुना कोट घालता येईना, असं ताई थट्टेने म्हणत.

तक्त्यात तीस प्रकार भरले. एकतिसावी फळी पाणी उपसायच्या पंपघराजवळच्या वठलेल्या झाडावर सापडली. पाठ कोकोच्या रंगाची, पोट पांढरं. पुस्तकात तसली कुठेच नाही. मॅडमनीही भिंगातून पाहिली आणि म्हणाल्या, ही बहुधा नवीनच आहे, तपासायला बाहेर पाठवू. झालं, काकांनी ही बातमी न्हाव्याला सांगितली, दूधवाल्याला सांगितली, विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही पाणी देऊन सांगितली.

तक्ता लागायच्या आदल्या दिवशी ताईंना तिचा आणखी एक तुकडा हवा होता. दोघं भर उन्हात पंपघराशी गेली. ताई वर, काका खाली शिडी धरून. उतरल्यावर ताईंचं लक्ष काकांच्या खांद्याकडे गेलं. पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर तपकिरी पीठ बसलं होतं. ताईंनी वर पाहिलं. बऱ्याच उंचावर दुसऱ्याच जातीची एक भलीमोठी फळी होती आणि तिच्या पोटातून कोकोसारखी भुकटी गळत होती. खालच्या झुडपाची पानंही तपकिरी झाली होती.

ताई शिडीच्या खालच्या पायरीवर बसल्या. प्रयोगशाळेत त्यांना एक सवय लागली होती: नमुना पुसायचा नाही, आला तसा ठेवायचा. जन्मभर सगळं धुणारी ही बाई एवढ्या एका वस्तूला पाणी लावत नसे. तिथेच घात झाला होता.

भिंतीवरचं नाव आता जाणार, हे काकांना दिसत होतं. ते हळूच म्हणाले, "अगं, नवीन आहे असं मॅडमच म्हणाल्या ना? आपण कशाला बोलायचं?"

"अहो, खाली नाव माझं लागणार आहे," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मॅडम आणि आठ-दहा मुलं जमली होती. ताईंनी ओला कापूस मागितला आणि सगळ्यांसमोर फळीची पाठ पुसली. तपकिरी रंग कापसावर उतरला. खालून राखाडी-पांढरी वलयं निघाली. ती तर नवव्या क्रमांकाची, नदीकाठी पावलोपावली भेटणारी फळी.

"ताई, शेवटी तुम्ही धुतलंच," मागून एक मुलगा म्हणाला. मुलं हसली. काकांना त्याचा कान धरावासा वाटला.

"हो रे बाबा," ताई म्हणाल्या, "आधीच धुवायला हवं होतं."

त्यांनी पेन घेऊन एकतिसावी ओळ खोडली आणि माझं नाव ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, असं मॅडमना सांगितलं. मॅडमनी कपाट उघडून बाकीच्या तीस फळ्यांच्या डब्या टेबलावर मांडल्या.

"भिंगातून मीही पाहिली होती, ताई. मला नाही कळलं. आता याही तुम्हीच तपासा. तुम्ही ठेवाल त्याच ठेवू."

दुपार त्यात गेली. ताई पुसत होत्या, वास घेत होत्या, मोडून बघत होत्या. मुलांचं हसणं कधीच थांबलं होतं. ती खेटून उभी होती, आणि मघाचा तो मुलगा कापूस भिजवून देत होता. आणखी दोन फळ्या यादीतून गळाल्या. एक शेवाळाने हिरवी पडलेली होती, दुसरी नुसतीच म्हातारी झालेली.

तक्ता दोन दिवस उशिरा लागला. काका चष्मा पुसून खालची ओळ दोनदा वाचत उभे होते. शेजारून जाणाऱ्या कारकुनाने विचारलं, एकतीस होत्या ना हो?

"अठ्ठावीस," काका मान ताठ करून म्हणाले. "आमच्या हिने तपासल्यात."