परेराबाईंना विचारा

मरोळच्या परेराबाई आमच्या अंधेरीच्या कारखान्यात कामगारांचं दफ्तर सांभाळत. सोडून गेलेल्या एखाद्याची चौकशी करणारा फोन आला की त्या आधी आम्हा कारकुनांना खोलीबाहेर काढत. "माणसाची अब्रू आहे ती, चहाबरोबर वाटायची नाय," म्हणत. आम्ही चडफडत व्हरांड्यात उभे राहायचो.

वसंता प्रेस मशीनवर पिऊन यायचा. ताकीद देऊन देऊन थकल्यावर बाईंनी त्याला काढायला लावलं. जाताना त्याने सगळ्यांसमोर त्यांना आईवरून शिवी घातली. पुढे मुलुंडच्या एका कारखान्याने त्याच्याबद्दल फोनवर विचारलं. बाईंनी सांगून टाकलं की हात चांगला आहे, पण पिऊन येतो, मशीनवर उभा करू नका. वसंताची तिथली नोकरी हुकली आणि अब्रुनुकसानीची नोटीस आली, बाईंच्या आणि शेठच्या नावाने.

शेठची पाचावर धारण बसली. वकील आले आणि बाईंना एकेक विचारू लागले. बोललात ते खरं होतं? विचारणाऱ्यालाच सांगितलंत, आणखी कोणाला नाही? बाई प्रत्येक वेळी होकारार्थी मान हलवत होत्या. मालकाने विचारणाऱ्याला प्रामाणिकपणे खरं सांगितलं तर कायदा त्याला सांभाळून घेतो, हे मला तेव्हा कळलं. मी जरा सैल झालो, तेवढ्यात वकिलांनी विचारलं, "तुमच्या मनात त्याच्याबद्दल राग होता का? रागापोटी सांगितलं असेल तर कायदा सांभाळत नाही. सगळं तिथेच अडतं."

नाही म्हणा, नाही म्हणा, असं मी मनातल्या मनात घोकत होतो.

"होता ना," बाई म्हणाल्या. "आईवरून बोलला मला. पण नसता बोलला तरी मी हेच सांगितलं असतं."

शेठनी कपाळाला हात लावला. वकील गेल्यावर म्हणाले, "बाई, मुलुंडला फोन करा. माणूस ओळखण्यात गफलत झाली, दुसऱ्याच कोणाबद्दल बोलले म्हणा. नायतर राजीनामा द्या."

"आणि उद्या त्याचा हात मशीनखाली गेला तर? मी नाय करणार."

नोटिशीचं पुढे काहीच झालं नाही. कायदा बाईंच्या बाजूने होता, पण शेठ नव्हते. बाई राजीनामा देऊन गेल्या आणि त्यांच्या टेबलावर मला बसवलं. मला शेठचा भयंकर राग आला होता. शेठचा नवा हुकूम निघाला, कोणाचीही चौकशी आली तर नोकरीच्या तारखा सांगायच्या, बाकी चकार शब्द काढायचा नाही.

काही महिन्यांनी घाटकोपरहून एका मालकाचा फोन आला. परेराबाई त्याच्याकडे नोकरी मागायला आल्या होत्या. बाई कशा आहेत, एवढंच त्याला हवं होतं. शेठ समोरच बसले होते. त्यांनी डोळे वटारले.

"खरं बोलतात," मी म्हणालो. "मालकाला सोसत असेल तर ठेवा."