फोटोतली आई का हसतेय

पडद्यावर आमचं घर आलं.

मी हॉलच्या मधल्या वाटेत उभी होते. हातात माइक. माझं काम तेवढंच. व्याख्यान संपलं की ज्यांना प्रश्न विचारायचा त्यांच्यापर्यंत जायचं, माइक त्यांच्या तोंडासमोर धरायचा, प्रश्न झाला की पुढच्याकडे जायचं. माइक हातात द्यायचा नाही, असं आमच्या कॉलेजातल्या मॅडमनी बजावलेलं. दिला की माणसं सोडत नाहीत.

पडद्यावर आमची फळ्यांची भिंत. आमचा दरवाजा. दारात आई. डोक्यावर पदर, एक हात भिंतीवर टेकवलेला. हसत होती.

"हे बघा," सर म्हणाले. सर म्हणजे त्या संध्याकाळचे वक्ते. पुण्यातले आर्किटेक्ट. "चाकणच्या कंपन्यांत सामान लाकडी खोक्यांतून येतं. ती खोकी नंतर टाकून देतात. त्या फळ्यांतून ह्या माणसांनी घर उभं केलंय. सिमेंट नाही, वीट नाही. ह्याला म्हणतात लोकल डिझाइन. ही भिंत श्वास घेते."

हॉलमध्ये एसी होता. खिडक्या बंद होत्या.

मग सरांच्या हातातला लाल ठिपका आईच्या खांद्याशेजारी गेला. तिथे छत्रीचं चित्र आहे. माल भिजवू नका म्हणून खोक्यावर छापतात ते.

"आणि विनोदबुद्धी बघा. भिंतीवर छत्रीसुद्धा आहे. छप्पर गळलंच तर!"

हॉल हसला. मोठ्यानं नाही. चांगल्या घरातली माणसं हसतात तसं. सवयीनं माझेही ओठ हलले. ते मला अजून आठवतं आणि तोंड कडू होतं.

"पण मला सगळ्यात आवडतो तो हा चेहरा," सर म्हणाले. "काय आहे ह्या बाईकडे? काहीच नाही. आणि तरी समाधान बघा. किती अभिमानानं घर दाखवतेय. आपण हे हरवून बसलोय."

पुढच्या रांगेतल्या बायकांनी मोबाइल वर धरले. पडद्याचा फोटो घेतला. माझ्या आईचा.

आई समाधानानं हसत नव्हती. ती का हसत होती ते त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं.

आम्ही मूळचे लातूरकडचे. पप्पा चाकणला एका शेडमध्ये कंपन्यांसाठी लाकडी खोकी ठोकतात, ठेकेदाराकडे. घर त्यांनीच बांधलं, मोडक्या खोक्यांच्या फळ्यांचं. ती आमची आवड नव्हती. आमच्या वस्तीत वीट लावली की पाडायला माणसं येतात. फळी लावली तर बघून न बघितल्यासारखं करतात. म्हणून फळी. उन्हाळ्यात ती तापते. सांध्यांत ढेकूण होतात. लहानपणी मला वाटायचं, छत्री पप्पांनी माझ्यासाठी काढली. पाऊस त्याच फळीतून आत यायचा.

मागच्या हिवाळ्यात एक दिवस मी कॉलेजातून घरी आले तर आई शिरा करत होती. सण नव्हता, वाढदिवस नव्हता.

"सर्वेवाले आलते आज," ती म्हणाली. "फोटू काढून नेलाय घराचा. नंबर आलाय बरं का फोटूत. मी हातच ठिवला नंबराजवळ."

आमच्या भिंतीवर लाल रंगात एक नंबर आहे. जुन्या कुठल्यातरी सरकारी सर्वेत टाकलेला. तो ज्याच्या भिंतीवर आहे त्याला कधीतरी पक्कं घर मिळेल असं वस्तीत सगळे धरून आहेत. पाऊस झाला की आई त्या नंबरावर रंगाचा हात फिरवते. पुसला जाऊ नये म्हणून.

शेजारच्या सुमनकाकू दारातून म्हणाल्या, "तुझ्या आईनं धुन्याची बादली फेकलीच की गं बाजूला. नंबर झाकतीया म्हनून. माझ्या पायावर पानी."

"मंग? एकदाच येतेत ते," आई म्हणाली.

गळ्यात ओळखपत्र, हातात कॅमेरा, बरोबर वहीत लिहिणारी एक मुलगी. अशी माणसं आमच्याकडे सर्वेचीच येतात. आपण कोण ते त्यांनी सांगितलं नाही. आईनं विचारलं नाही. विचारलं आणि साहेब चिडला तर? तिनं चहा दिला, पदर सारखा केला, नंबराजवळ हात ठेवला आणि हसली.

तेव्हापासून ती मला विचारत होती. "सर्वेचं काय झालं गं? कालेजात इचार की कुनाला. मोठमोठी मानसं येतेत म्हनतीस तिथं."

ती मोठी माणसं समोर बसली होती आणि मी माइक धरून उभी होते.

मला ही व्याख्यानं आवडायची. हेही सांगायला हवं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. पर्यावरण शिकवणाऱ्या मॅडमनी मला ही व्याख्यानं भरवणाऱ्या मंडळात घेतलं. निगडी प्राधिकरणातल्या या हॉलमध्ये दर महिन्याला कुणीतरी येऊन बोलायचं. देशी झाडं, पवना नदीचं पाणी, जुन्या विहिरी, मातीची घरं. मी मागे उभी राहून सगळं ऐकायचे. घरी जाऊन आईला सांगायचे की आपल्या वस्तीतलं ते झाड करंजाचं आहे. मला वाटायचं, ही माणसं जगाची काळजी करतात, म्हणजे आपलीही करत असणार.

प्रश्न सुरू झाले. तिसऱ्या रांगेतल्या एका काकांनी हात वर केला. मी गेले. माइक धरला.

"सर, एक कळत नाही. इतकी निसर्गाजवळची घरं सोडून ह्या लोकांना फ्लॅटमध्ये का जायचं असतं?"

सर हसले. "जाहिराती, साहेब. आपणच त्यांना बिघडवलंय. त्यांचं त्यांना पुरेसं होतं."

काकांनी मान हलवली आणि ते मागे टेकले. माइक माझ्या हातात राहिला. पुढचा हात वर होता. मला तिकडे जायला हवं होतं. मी गेले नाही. माझा हात आपोआप माझ्याच तोंडाकडे आला.

"सर, हे घर आमचं आहे."

स्वतःचा आवाज मी पहिल्यांदा इतका मोठा ऐकला. घाबरले.

"अरे वा," सर म्हणाले. "खरंच? टाळ्या होऊन जाऊ दे हिच्यासाठी."

आणि टाळ्या वाजल्या. कशासाठी, मला अजून समजलेलं नाही. हसण्यापेक्षा त्या टाळ्या जास्त लागल्या.

"ये ना बेटा, वर ये. सांग सगळ्यांना. कसं वाटतं अशा घरात राहायला?"

"उकडतं," मी म्हणाले.

पुन्हा हशा. प्रेमळ. पाठ केलेलं काही नव्हतं माझ्याकडे. जे आलं ते बोलले.

"हटवा तो फोटो. पडद्यावरून हटवा. माझ्या आईला वाटलं तुम्ही सर्वेवाले आहात. तिला वाटलं पक्कं घर मिळणार. म्हणून ती हसतेय. ती घर नाही दाखवत, नंबर दाखवतेय. तिच्या हाताखाली बघा."

सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं. लाल नंबर तिथेच होता. पहिल्यापासून होता.

सरांनी लाल ठिपका बंद केला. "हे बघ, आमचा हेतू चांगला होता. आणि चेहरा काही एवढा स्पष्ट नाहीये."

"मला स्पष्ट दिसतोय."

कुणीतरी मागून म्हणालं, "विषय भरकटतोय." मॅडमनी लॅपटॉपवाल्या मुलाला खूण केली. पुढचा फोटो आला. बांबूचा पूल. मॅडम माझ्याजवळ आल्या आणि माझ्या हातातून माइक काढून घेतला. हळूच, कुणाला दिसणार नाही असा.

बाहेर, चपलांपाशी, त्या म्हणाल्या, "अगं, मला आधी सांगायचंस ना. पाहुण्यांसमोर असं करतात का?"

"मला आधी माहीत नव्हतं, मॅडम. मी तो फोटो आताच बघितला."

"बरं. झालं ते झालं. रविवारी मंडळाची भेट तुमच्या वस्तीतच आहे, विसरू नकोस. तू सगळ्यांना घर दाखव. सरांनाही बरं वाटेल. मंडळाच्या फेलोशिपसाठी मी तुझंच नाव देणार आहे, तुला माहितीये."

मॅडम वाईट नाहीत. त्यांनी माझी फी भरायला मदत केली आहे. म्हणूनच नाही म्हणणं जड होतं. तरी म्हणाले, "मी नाही दाखवणार. तुम्ही पण येऊ नका."

"विचार कर," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

घरी आई भाकरी थापत होती. मी चपलासुद्धा न काढता सगळं सांगून टाकलं. ती थापत राहिली. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा तिनं ती काढली.

"म्हंजे सर्वे झालाच न्हाई."

"नाही."

तिनं करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात ठेवली.

"आन मी हसले व्हते का गं फोटूत?"

"हो."

तिनं पीठ लागलेला हात तोंडावर ठेवला. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती लाजली. मोठ्या माणसांसमोर उघडी पडल्यासारखी लाजली. त्या क्षणी माझ्यातलं काहीतरी कायमचं ताठ झालं.

रविवारी ते आले. सर नव्हते. मॅडम होत्या आणि पाच-सहा माणसं, कापडी पिशव्या आणि स्टीलच्या बाटल्या घेऊन. मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. मला वाटलं, मला एकटीलाच बोलावं लागेल. पण मागून आई आली.

"सर्वेचे हाव का तुमी?" तिनं विचारलं.

"नाही ताई, आम्ही फक्त घरं बघायला आलोय."

"मंग न्हाई."

"पाच मिनिटं, ताई. फोटो नाही काढणार."

"तुमचं घर कुटं हाय?" आईनं विचारलं. एक बाई म्हणाल्या, निगडीला.

सुमनकाकू दारातूनच ओरडल्या, "मंग आमी येतो की फुडच्या रइवारी. च्या नको काय नको. निस्तं घर बघू, बाथरूम बघू, आन जाऊ."

गल्लीतल्या बायका हसल्या. निगडीच्या बाईंचा चेहरा उतरला. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी खाली बघितलं नाही. थोड्या वेळानं ते परत गेले.

फेलोशिपसाठी दुसऱ्या मुलीचं नाव गेलं. माइक आता ती धरते. आमच्या भिंतीवरचा नंबर तसाच आहे. सर्वे आलेला नाही. आईनं यंदा नंबरावर रंग फिरवला नाही. तो मी फिरवला.

वस्तीतल्या बायकांना मी तीन प्रश्न पाठ करून दिलेत. कोण तुम्ही? कशासाठी? हा फोटो जाणार कुठे? उत्तर मिळेपर्यंत कुणीही हसायचं नाही.

मी त्या हॉलमध्ये अजून जाते. मागे उभी राहत नाही, पुढे बसते. तो फोटो सरांच्या लॅपटॉपमध्ये आहे. तो ते पुन्हा कुठेतरी दाखवतील, मला माहीत आहे. मी त्यांना कळवून ठेवलंय. जिथे तो लागेल तिथे मी येईन. माइक द्या किंवा देऊ नका. मी उभी राहीन आणि आई का हसतेय ते सांगेन.