बोलीदार दोन

"झालं का?" हा तिचा प्रश्न. तो ती चहाला विचारायची, गेलेल्या विजेला विचारायची, माझ्या प्रिंटरमधून अर्धवट बाहेर आलेल्या कागदाला विचारायची. एकदा एक म्हातारे बाबा माझ्या दुकानात सातबारा काढायला आले होते. त्यांनी नाव सांगायला नुसतं तोंड उघडलं, तर शेजारी उभ्या असलेल्या तिने त्यांनाही विचारलं, "झालं का?"

मानोऱ्याच्या बसस्टँडसमोर आमची दुकानं एकमेकांना लागून होती. माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं, तिचं शिलाईचं. मध्ये एक पातळ भिंत. तिची मशीन सुरू झाली की माझ्याकडचं कॅलेंडर थरथरायचं, आणि थोड्या वेळात थांबायचं, कारण एक शिवण तिने सलग पूर्ण केली असं कधी झालं नाही. सुई कापडात तशीच रुतवून ती उठायची, बाहेर डोकावून कोणती बस लागली ते पाहायची, माझ्याकडे येऊन पाणी प्यायची, परत जायची. बायका म्हणायच्या, मावशीकडचं ब्लाऊज चालता चालता शिवून होतं. शिवण मात्र सरळ यायची. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचे हात इथे कामात असतात आणि पाय कुठेतरी निघालेले असतात.

ती जवळच्याच एका बंजारा तांड्यावरची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एक धाकटा भाऊ होता. बांधकामाच्या कामावर पुण्याकडे गेला आणि तिकडचाच झाला. याहून जास्त मला ठाऊक नव्हतं, कारण भावाचं नाव निघालं की तिला हमखास कोणतं तरी काम आठवायचं.

एक दिवस ती आली आणि मोबाईल माझ्या काउंटरवर ठेवून म्हणाली, "हे कागदावर मोठं करून दे, पोरी. लवकर."

त्यांच्या समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी एक फोटो टाकला होता. जुन्या वस्तूंचा लिलाव करणारी एक साइट होती आणि तिथे एक ओढणी विकायला ठेवली होती. लाल-निळं भरतकाम, मध्ये आरसे, कपाळावर येणाऱ्या काठाला कवड्यांची ओळ. 'आपल्या आज्यांची कला पाहा कुठं जाऊन पोहोचली,' असं खाली लिहिलेलं.

मी प्रिंट काढून दिली. तिने ती उजेडात नेली आणि काठावरून बोट फिरवत एका जागी थांबवलं.

"हितं पाय. हितं याडीच्या कवड्या सरल्या." याडी म्हणजे आई. "मंग तिनं गुंड्या लावल्या. माझ्या भावाच्या शाळंच्या सदऱ्याच्या."

मी वाकून पाहिलं. कवड्यांच्या ओळीच्या शेवटी खरंच शर्टाची साधी पांढरी बटणं होती.

"दुसऱ्या दिवशी तो सदऱ्याले सुतळी बांधून शाळंत गेला. मास्तरनं लय हानला त्याले." ती हसली. मग तिचं हसू मध्येच थांबलं.

पुढचं तिने तुकड्यातुकड्याने सांगितलं. अर्धं माझ्या दुकानात, अर्धं तिच्या, काही नुसतं दारात उभं राहून. ती लहान असताना तांड्यावर सायकलवाला भांडेवाला यायचा. जुने कपडे घ्यायचा, स्टीलची भांडी द्यायचा. तिला शाळेत न्यायला डबा हवा होता. दोन दिवस तिने रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा आईने पेटीतून ओढणी काढली आणि भांडेवाल्याच्या हातात दिली. आईने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. भावाने काढला, तोही आईच्या तेराव्याला, सगळ्या गणगोतासमोर. "याडीजवळ एकच चीज होती, ते बी तू डब्यावर घालवली." त्या दिवसापासून दोघं बोलत नव्हते.

"मले हे घ्याची हाय," ती म्हणाली. "अन् त्याच्या तोंडावर फेकाची हाय. घे म्हनाव. आली का नाही वापस?"

मी तिच्या फोनवर खातं उघडून दिलं. तिने पहिली बोली लावली आणि स्क्रीनवरचं बोट उचलतं न उचलतं तोच लाल अक्षरं आली: तुमच्यापेक्षा मोठी बोली लागली आहे. तिने वाढवली. पुन्हा लाल. पुन्हा वाढवली, पुन्हा तेच. बोली लावणाऱ्यांची नावं त्या साइटवर दिसत नसत, नुसते क्रमांक दिसत. हिला मागे टाकणारा होता बोलीदार दोन.

"कोन हाय हा?" ती चिडली. "याले काही कामधंदा नाही का? फोनले चिकटूनच बसला हाय."

"मावशी, तो बसलेला नाही. तो कदाचित जेवत असन, झोपला असन. त्याच्या वतीनं साइटच बोली लावून राह्यली."

"म्हनजे?"

मी तिला बाजार समितीतल्या हर्रासाचं, म्हणजे मालाच्या लिलावाचं, उदाहरण दिलं. समज, तू स्वतः हर्रासाला गेली नाहीस, माणूस पाठवलास. त्याच्या कानात सांगितलंस की इथपर्यंत जा, त्याच्या पुढे जाऊ नको. तो माणूस तुझा आकडा कोणाला सांगत नाही आणि एकदम तिथे उडीही मारत नाही. समोरचा एक पायरी चढला की हा त्याच्या वर एक पायरी चढतो, कानात सांगितलेली हद्द येईपर्यंत. बोलीदार दोनने असाच माणूस उभा केला होता. फक्त तो माणूस म्हणजे साइटचा हिशेब होता, म्हणून त्याला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नव्हता.

"तू बी सांग तुझी हद्द," मी म्हणाले. "हितं चौकट आहे पाय. तुमची जास्तीत जास्त किंमत."

ती त्या चौकटीकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. "याडीच्या ओढनीची आखरी किंमत म्या सांगू?"



तरी तिने आकडा घातला. बोलीदार दोनचा आकडा त्याहून मोठा निघाला. दुसऱ्या दिवशी तिने वाढवून घातला, आणि तेव्हा ती वर गेली. संध्याकाळपर्यंत त्याने वाढवला. सुरुवातीला आणखी तिघंचौघं होते, संग्रह करणारे असावेत, ते एकेक करून गळाले. त्या ओढणीला कोणी व्यापारी देणार नाही अशा किमतीवर भाव गेला होता आणि मैदानात दोघंच उरले होते.

तो आठवडा मला आजही आठवतो. माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर जवळजवळ हललंच नाही. एका नवरीच्या ब्लाऊजला तिने दोन्ही बाह्या डाव्याच जोडल्या. नवरीची आई भांडायला आली, तर ही फोन तिच्यापुढे धरून म्हणाली, "तुमी सांगा, हा माणूस कायले एवढा जीव टाकून राह्यला?" ती बाई भांडण विसरून फोन पाहत बसली. कंडक्टर, चहावाला, स्टँडवरचे जीपवाले, सगळ्यांना बोलीदार दोन माहीत झाला. कोणी म्हणे परदेशातला शेठ असेल, कोणी म्हणे सिनेमावाला. ती रात्रंदिवस त्याला शिव्या घालत होती आणि मधूनच काळजीही करत होती. "आज सकाळपासून आला नाही. बिमार तं नसन?"

लिलाव रविवारी दुपारी संपणार होता. मी तिला समजावलं, आता शांत राहा. तू वाढवलंस की त्याला कळतं आणि तोही वाढवतो. म्हणून पुष्कळ लोक आपली खरी बोली अगदी शेवटच्या क्षणी टाकतात, म्हणजे समोरच्याला विचार करायलाही वेळ उरत नाही. त्याने आधीच फार मोठा आकडा ठेवून दिला असेल, तर या डावाचा उपयोग नाही. पण तो रोज थोडं थोडं वाढवतो आहे. एकदम पुढे जायची त्यालाही भीती वाटत असावी. "तू फक्त थांब. मी सांगन तवा दाब."

थांब. हा शब्द मी कोणाला सांगत होते!

रविवारी ती दुपारची जेवलीसुद्धा नाही. माझ्या काउंटरपुढे येरझारा चालल्या होत्या. फोन हातात, आकडा भरून तयार, अंगठा बटणावर. वेळ उलटा धावत होता. शेवटचं एक मिनिट राहिलं आणि बसस्टँडवर एका गाडीने जोरात हॉर्न दिला. तिने दचकून माझ्याकडे पाहिलं आणि दाबून टाकलं.

"मावशी! अजून वेळ होता!"

"नाही राहवलं."

पण हिरवी अक्षरं आली होती. ती सर्वांत वर होती. सेकंद सरत होते आणि समोरून काही येत नव्हतं. तीस. वीस. चहावाला किटली घेऊन दारात उभा होता, तोही हलला नाही. दहा.

"झालं का?" तिने हळूच विचारलं.

अगदी शेवटच्या क्षणाला आकडा उडाला. लाल अक्षरं आली आणि त्यांच्या खाली लिहून आलं, लिलाव संपला. विजेता, बोलीदार दोन.

ती खाली जमिनीवर बसली. मी पाणी दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं. मग म्हणाली, "तो जागाच होता वो. माह्यावानी अंगठा ठेवून बसला होता." तिच्या आवाजात राग नव्हता. तिला बहुधा एवढंच वाटत असावं, की पलीकडेही कोणीतरी जेवलं नव्हतं.

त्यानंतर ती पूर्वीसारखी शिवू लागली. खरं तर पूर्वीपेक्षा जास्त. कॅलेंडर दिवसभर थरथरायचं आणि मला ते मुळीच बरं वाटत नव्हतं.

दिवाळीच्या आधी, ऐन गर्दीच्या दिवसांत, पुण्याच्या गाडीतून एक माणूस उतरला. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात सिमेंटचे डाग पडलेले बूट. सरळ तिच्या दुकानापुढे येऊन उभा राहिला. मशीन थांबली. मी भिंतीपलीकडून बाहेर आले.

 मग त्याने पिशवीत हात घातला आणि लाल-निळं काहीतरी काढून तिच्या मशीनवर टाकलं. कवड्या खुळखुळल्या.

"घे," तो म्हणाला. "तू घालवली होती ना? म्या आनली वापस."

ती ओढणीकडे पाहत होती. मग त्याच्याकडे. 

"बोलीदार दोन तू होता?"

त्याला काही कळलं नाही. मीच पुढे होऊन सांगितलं की ग्रुपवरचा तो फोटो हिनेही पाहिला होता, हीही बोली लावत होती आणि शेवटपर्यंत हीच होती. ऐकता ऐकता तो मागच्या बाकावर बसला, बायकांच्या मापाच्या कपड्यांच्या ढिगाऱ्यावरच.

"त्या दुसऱ्या बोलीवाल्याले म्या किती शिव्या देल्या," तो म्हणाला. "बायको म्हने, येडे झाले का, सोडा आता. म्या म्हनलं, कोनी शेठ हाय, त्याले आमची याडी नाही नेऊ देत."

तिने उठून त्याच्या दंडावर एक फटका मारला. मग दुसरा, पहिल्यापेक्षा जोरात. "फोन करता येत नव्हता?"

"तू उचलला असता?"

ती विचारात पडली. "नसता," म्हणाली, आणि तोंडाला पदर लावला.

मी शटर अर्धं खाली ओढून दिलं आणि बाहेर गिऱ्हाइकांना सांगितलं, मावशी आज भेटणार नाही. आतून रडण्याचा आवाज आला, तो दोघांचाही होता. थोड्या वेळाने भांडणाचा आला. ओढणी तू ठेव, नाही तू ठेव, यावरून जुंपली होती.

त्या दिवाळीला ती पुण्याला गेली, ती आठ दिवसांसाठी म्हणून. परत आली तेव्हा तिने मला सांगितलं की भाऊ राहतो त्या भागात लेडीज टेलर एकही धड नाही. मी समजले. संक्रांत झाल्यावर भाऊ पिकअप घेऊन आला. तिचं सामान काय, कपाट, एक खाट, दोन पेट्या आणि मशीन. मशीन चढवताना भावाने चाक आधी वर घेतलं, आणि तिने रस्त्याच्या मध्ये उभं राहून त्याला गोरमाटीत, त्यांच्या बोलीत, फैलावर घेतलं. तो उत्तर देत होता, ती आणखी पेटत होती. जीपवाले टाळ्या पिटत होते.

निघताना तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि ती पुढे ड्रायव्हरशेजारी चढली. भाऊ मागे सामानापाशी उभा राहिला. गाडी कारंजा रोडला लागली तरी ती खिडकीतून मागे वळून त्याला काहीतरी सुनावतच होती. गोरमाटी मला येत नाही, त्यामुळे काय म्हणत होती ते कळलं नाही. वळणापाशी भाऊ मोठ्याने हसला, आणि तिचा आवाज आणखी चढला.