परत केलेला दात

बिसुनभैयाला मी मूर्ख म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची. ज्याचं दुकान शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत लुटलं गेलं, तोच माणूस त्या शेजाऱ्याला हाताला धरून गप्पांना बसवतो, त्याला दुसरं काय म्हणायचं? आता म्हणत नाही. आता दर शनिवारी त्याच्या पत्र्याच्या मांडवात जाऊन बसते, कारण मी नाही गेले तर तो एकटाच चटईवर बसून राहील.

फिजीतल्या लौटोकाच्या साखर कारखान्यामागच्या टेकडीवर आमची वस्ती. गाळप सुरू झालं की दोरीवरच्या कपड्यांवर काजळी पडते, आणि ती आम्ही हिंदुस्थानी आणि बेटावरचे मूळचे लोक, काईवीती, असा भेद करत नाही. बिसुनदेव इथला शिंपी. शाळेचे गणवेश शिवायचा, आणि काईवीती पुरुष चर्चला नेसतात तो लुंगीसारखा खिसेवाला सुलूही. शेजारच्या आपिसाईचे सगळे सुलू त्यानेच शिवलेले. आपिसाई बंदरावर क्रेन चालवायचा. अंगाने दांडगा, बोलायला चिक्कू. दोघांच्या घरांमध्ये नीरफणसाचं एक झाड होतं आणि ते नक्की कोणाचं, हे वीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

दोन हजार साली राजधानी सुवात बंदूकवाल्यांनी हिंदुस्थानी पंतप्रधानाचं सरकार ओलीस धरलं आणि त्याची झळ आमच्या टेकडीपर्यंत पोचली. आपिसाईकडे गावाहून आलेला त्याचा मोठा पुतण्या आणि आणखी चौघे भर दुपारी बिसुनच्या दुकानात शिरले, चार मशिनं खांद्यावर टाकली आणि चालते झाले. आपिसाई आपल्या ओट्यावर उभा होता. त्याने पाहिलं आणि एक शब्द काढला नाही. बिसुनने त्याच्याकडे पाहिलं, तेही मी माझ्या खिडकीतून पाहिलं. म्हणजे मीही काही बोलले नाही, हे इथे लिहायला हवं.

त्या वर्षी वस्तीतली निम्मी हिंदुस्थानी घरं रिकामी झाली. बिसुनचे दोन्ही मुलगे ब्रिस्बेनला गेले, बापाला बोलावून बोलावून थकले. बायको आधीच वारलेली. मी म्हटलं, "भैया, जा की. इथे काय ठेवलंय?"

"बाई, तिथे मला ओळखणारं कोण आहे?" तो म्हणाला. "इथे निदान जो मला लुटतो त्याचं नाव तरी मला माहीत आहे."

मग त्याने जुनं पायाचं मशीन मिळवलं, दुकानाच्या बाजूला पत्र्याचा मांडव टाकला आणि दर शनिवारी दुपारी सगळ्यांना बोलवायला लागला. काईवीती लोकांत अशा बसून बोलण्याला तालानोआ म्हणतात. मध्ये यांगोनाचं लाकडी पातेलं, भोवती चटया, मातकट कडू पेय करवंटीतून एकेकाने प्यायचं आणि मनातलं बोलायचं. पहिल्या शनिवारी तीन माणसं आली, त्यातली एक मी, आणि मीही टोमणे मारायला. चौथ्या शनिवारी आपिसाई आला. दाराशी बसला, करवंटी रिकामी केली, रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या आणि गेला. पुढच्या खेपेला बायकोला, विलीमाईनाला, घेऊन आला.

बारा वर्षं हे चाललं. गटाराचं बोलणं झालं, भटक्या कुत्र्यांचं झालं, शाळेच्या बसचं झालं. वर्षातून एकदा शाळेच्या मैदानावर सगळ्यांचं जेवण व्हायचं. काईवीती पुरुष जमिनीत खड्डा करून तापल्या दगडांवर डुक्कर आणि कसाव्याचे कंद भाजायचे, आम्ही रोट्या आणि फणसाची भाजी न्यायचो, कोपऱ्यावरचा चिनी दुकानदार नूडल्सचं घमेलं आणायचा. विलीमाईना माझ्या रोट्यांना हसायची. "बाई, ही रोटी आहे की फिजीचा नकाशा?" दिवाळीला त्यांच्या पोरी आमच्या ओट्यांवर पणत्या लावायच्या. लोक म्हणायचे, बघा, बिसुनने वस्ती सांधली. पण त्या चार मशिनांबद्दल त्या मांडवात कधी एक अक्षर निघालं नाही. मी एकदा बिसुनला तसं म्हटलंही. तो दोरा ओवत म्हणाला, "निघेल. उसवायची घाई केली की कापड फाटतं."

आणि एका शनिवारी निघालं.

आपिसाई त्या दिवशी चटईवर आला नाही. मांडवाच्या तोंडाशीच गुडघ्यांवर बसला, मान खाली. मागे विलीमाईना आणि त्याचे दोन भाऊ, तेही तसेच. त्याच्या हातात तांबुआ होता, देवमाशाचा दात, वापरून वापरून तुपासारखा पिवळा झालेला, वेणी घातलेल्या काथ्याच्या दोरीत बांधलेला. काईवीती घरात याहून मोलाची वस्तू नसते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. तो हळू आवाजात आपल्या भाषेत बोलला. पुतण्याचं नाव घेतलं. ओट्याचं बोलला. "मी उभा होतो," हे त्याने दोनदा म्हटलं. मग दोन्ही हातांनी दात पुढे धरला.

बिसुनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तो उठला, आपिसाईला खांद्यांना धरून उठवलं, मिठी मारली. आणि तो दात त्याच्याच हातात ठेवून त्याची बोटं वरून मिटवली.

"अरे वेड्या, हे कशाला? आपल्यात असलं काही नको. तुझ्या आजोबांची वस्तू आहे ही, तुझ्या नातवाला दे. मी केव्हाच विसरलो."

आम्ही सगळे हिंदुस्थानी टाळ्या वाजवत होतो. मी तर म्हटलं, "वा भैया, मोठ्या मनाचा आहेस!" घरी कोणी साडी-मिठाई घेऊन आलं की आपण म्हणतो ना, हे कशाला आणलंत, नको नको, तसंच ते होतं. आपिसाईचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटलं, गहिवरला असेल. तो पुन्हा गुडघ्यांवर बसला, थोडा वेळ तसाच थांबला, जणू कशाची तरी वाट बघत होता. मग चौघेही उठून गेले.

पुढच्या शनिवारी काईवीती घरांतून एकही माणूस आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मैदानावरच्या जेवणाला खड्डा खणायला कोणी आलं नाही, तेव्हा बिसुन भर उन्हात स्वतः फावडं घेऊन उभा राहिला. सत्तरीचा म्हातारा. संध्याकाळी रोट्यांची टोपली तशीच घरी आणली आणि माझ्यावरच ओरडला, "काय चुकलं माझं? माफ केलं हे चुकलं? मशिनं परत मागायला हवी होती का?" मीही चिडले होते. म्हटलं, "या लोकांना चांगुलपणा पचत नाही." हे वाक्य मी बोलले. आजही आठवलं की जीभ हासडावीशी वाटते.

शेवटी मी बाजारात विलीमाईनाला गाठलं. ती कसावाचे ढीग लावत होती. वर बघेना.

"वहिनी, एवढं काय झालं ते तरी सांग."

"तुम्ही मास्तरीण ना बाई? तुम्हाला ठाऊक नाही?" ती म्हणाली. "तांबुआ घेतला की माफी झाली. परत दिला की नाही झाली. त्याने सगळ्यांसमोर परत दिला. माझा नवरा बारा वर्षं त्या दातापर्यंत पोचायला चालत होता बाई. आता तो जेवत नाही."

"अगं, पण त्याने मिठी मारली! विसरलो म्हणाला!"

"तोंडाने काय, कोणीही म्हणतं."

आमच्या पूर्वजांना या बेटांवर आणून सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, आणि शेजारच्या घरात माफी कशी घेतात हे मला बाजारात कळलं. मी बिसुनला सांगितलं तेव्हा त्याने हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाला, "मी जातो. आत्ता."

मीच अडवलं. म्हटलं, "पुन्हा काहीतरी चुकवशील. नीट शिकून जा. काय बोलायचं, कुठे बसायचं, सगळं." त्याला ते पटलं, तीनदा मापल्याशिवाय कात्री न लावणारा माणूस तो. तीन आठवडे मी त्याला काईवीती बोलीतली आठ वाक्यं घोकून घेत होते. तो शब्दांत अडखळायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. तेवढ्यात आपिसाई आजारी म्हणून राकिराकीपलीकडच्या आपल्या गावी गेला. बिसुन म्हणाला, "निघू या." मी म्हटलं, "अजून शेवटची दोन वाक्यं कच्ची आहेत." त्याच गुरुवारी आपिसाई वारल्याचा निरोप आला.

आम्ही पहाटेच्या बसने गेलो. बिसुनने यांगोनाच्या मुळांची मोठी मोळी आणि दोन नव्या चटया घेतल्या होत्या. गावात मोठ्या मांडवात शेकडो माणसं, बायकांचा रडण्याचा सूर. आम्ही दाराशी गुडघ्यांवर बसलो. बिसुनने मोळी पुढे ठेवली आणि तोंड उघडलं. आठांपैकी एकही वाक्य आलं नाही. तो अडखळत आपल्या हिंदीतच बोलत राहिला, "मला कळलं नाही. मला कळलं नाही, भाई." एवढंच, किती वेळा.

त्यांच्या वतीने बोलणारा म्हातारा पुढे सरकला. मला वाटलं होतं, आता थांबवतील, निदान थोडं तरी ताटकळत ठेवतील. त्याने क्षणही न लावता दोन्ही हात मोळीवर ठेवले, स्वीकारल्याचे शब्द उच्चारले, आणि साऱ्या मांडवाने ओंजळीच्या टाळ्या दिल्या. इतकं सोपं होतं ते.

नंतर विलीमाईना आमच्यासाठी चहा आणि उकडलेला कसावा घेऊन आली. रडून रडून आवाज बसलेला. बिसुनजवळ टेकली.

"तुमचं घेतलं आम्ही, भैया," ती म्हणाली. "जीवाला लावून घेऊ नका. पण त्याचं कोणी घेतलं नाही. तो तसाच गेला."

बिसुनने मान हलवली. कसावाचा तुकडा हातात तसाच होता, तो त्याने खाल्ला, कारण तिथे दिलेलं नको म्हणायची त्याची हिंमत उरली नव्हती.