खिळ्यापुरती भिंत

काचेच्या फटीत भरतात त्या सिलिकॉनचा आंबट वास आला की मला लाखनीजवळचं ते घर आठवतं. मी आखलेलं पहिलंच घर, हट्टानं चारही बाजूंनी काचेचं. परदेशी इमारतींचे फोटो डोक्यात भिनले होते. भिंत म्हणजे मला मागासपणा वाटायचा. गृहप्रवेशाच्या संध्याकाळी घरमालकाची म्हातारी आई नवऱ्याचा हार घातलेला फोटो छातीशी धरून फिरत होती. “बाबू, यायले कुठी ठेवू? खिळा ठोकाले भिंतच नाही.” मी हसून म्हणालो, “टेबलावर ठेवा ना, आजी.” “घर का जित्या माणसायचंच रायते?” ती म्हणाली. तेवढ्यात कुणीतरी दिवे लावले. बाहेरचं भाताचं खाचर, धानाची बांधी, काळोखात बुडाली आणि समोरच्या काचेत तो फोटो उमटला. जणू धानात उभं राहून कुणीतरी आत बघत होतं. म्हातारी हळूच बोलली, “तुनं यायले बाहेरच ठेवलं, बाबू.” पुढं काचेच्या घरांनीच माझं नाव झालं. आज माझ्या स्वतःच्या घराच्या काचा बसल्या. बायकोचा हार घातलेला फोटो हातात घेऊन मी उभा आहे. अंधारून आलंय, पण दिवा लावायचा धीर होत नाही.